चाकं बदलताय? आधी चाकाची मागची बाजू वाचा

आगोट जवळ आली की झिजलेले टायर डोळ्यांत भरतात. मग टायर बदलायचेच आहेत तर अलॉयही बदलून टाकू, हा विचार येतो. या महिन्याच्या पत्रांत असेच प्रश्न जास्त होते, म्हणून यावेळचं सदर चाकांनाच दिलं आहे.

माझी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे. मूळ चाकाच्या मागे ‘६ जे × १५, ईटी ४०’ असं कोरलंय, टायर १८५/६० आर १५. दुकानदाराने १६ इंची दोन अलॉय दाखवली. दोन्ही ७ जे, पण एक ईटी ३५ आणि दुसरं ईटी २०. तो म्हणतो दोन्ही बसतात, ईटी २० चं जास्त भरीव दिसतं. कुठलं घेऊ?
— एक वाचक, रत्नागिरी

दुकानदार ‘बसतं’ म्हणतो तेव्हा बोल्ट लागतात, एवढंच त्याला म्हणायचं असतं. तुमच्या गाडीला ५×१०० पीसीडी, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. ते दोन्ही चाकांना जुळत असतील. खरा फरक ईटीत आहे.

ईटी म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य धरा. हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारा सपाट भाग त्या मध्यापासून बाहेरच्या अंगाला किती मिलिमीटर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. ईटी कमी झाला की चाक तेवढंच गाडीच्या बाहेर सरकतं. शिवाय चाक रुंद झालं की वाढलेली रुंदी मध्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी वाटली जाते. हे दोन्ही हिशेब एकत्र करायचे असतात, आणि चूक नेमकी इथेच होते.

तुमचं गणित असं. ‘जे’च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची इंचांतली रुंदी. ६ जे चं ७ जे म्हणजे एक इंच, २५.४ मिमी वाढ. प्रत्येक बाजूला १२.७. आता ईटी ३५ चं चाक: ते ५ मिमी बाहेर सरकतं, म्हणून बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर येते आणि आतली कड ७.७ मिमी शॉकअपकडे जाते. ईटी २० च्या चाकाची बाहेरची कड ३२.७ मिमी बाहेर, आणि आतली उलट ७.३ मिमी शॉकअपपासून दूर. म्हणजे ते आत कुठेच घासणार नाही. म्हणूनच दुकानात उभ्या गाडीवर ते झकास वाटतं.

ते घेऊ नका. सव्वा इंचापेक्षा जास्त बाहेर आलेलं चाक मागे चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना फेंडरच्या वळवलेल्या पट्टीवर टेकतं. व्हील बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो. आणि तिसरं नुकसान आपल्या रस्त्यांवर सगळ्यांत आधी जाणवतं. पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यातलं अंतर कंपनीने मोजून ठेवलेलं असतं. ऑफसेट २० मिमीने बदलला की तेही २० मिमीने बदलतं. हातखंब्याकडून येताना डावी चाकं साइडपट्टीच्या जांभ्या चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरली आणि ब्रेक दाबला, की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. अलाइनमेंट कितीही वेळा करा, ते जात नाही. शिवाय उघडा पडलेला टायर तांबडा चिखल आणि खडी थेट दारांवर फेकतो.

ईटी ३५ चं चाक चालण्यासारखं आहे, पण टायर बसवण्याआधी नुसतं रिम लावून बघू देत असतील तरच घ्या. टायर चढला की दुकानदार परत घेत नाही. मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या बोराएवढ्या गोळ्या ब्रेक कॅलिपरच्या बाहेरच्या कडेला चिकटवा, चाक लावून दोन बोल्ट हातानेच आवळा, चाक हळू फिरवून काढा. गोळी चपटी होऊन ३ मिमीपेक्षा पातळ झाली असेल तर ते चाक नको. आतल्या बाजूला शॉकअप आणि रिमच्या मध्ये ५ मिमी मोकळं हवं, आणि टायर रिमपेक्षा थोडा फुगलेला असतो हे धरून मोजा. टायर लावल्यावर एक पुढचं चाक चार इंचांच्या ठोकळ्यावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरवर हात फिरवून घासल्याची खूण शोधा.

टायर १९५/५० आर १६ घ्या. मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६०३ मिमी, याचा ६०१.४, म्हणजे स्पीडोमीटर जवळजवळ होता तसाच राहतो. भार निर्देशांक ८४, म्हणजे टायरमागे ५०० किलो, तो मूळ टायरइतकाच.

बोल्टकडे विशेष लक्ष द्या. फोक्सवॅगनचे मूळ बोल्ट एम १४×१.५ मापाचे आणि गोल बुडाचे असतात. बाजारातली बहुतेक अलॉय शंकूच्या बुडाच्या बोल्टसाठी असतात. गोल बूड शंकूच्या खड्ड्यात बसवलं तर एका बारीक रेघेवरच टेकतं. टॉर्क रेंच १२० न्यूटन-मीटर दाखवतो, आणि दोनशे किलोमीटरवर बोल्ट सैल. नवे बोल्ट घ्याल तेव्हा ते हबमध्ये निदान साडेसात फेरे शिरतात का, हे मोजा. आणि जुने गोल बुडाचे पाच बोल्ट फेकू नका, फडक्यात गुंडाळून स्टेपनीच्या खाचेत ठेवा. स्टेपनी मूळ पोलादी रिमची आहे, तिला तेच लागतात. परशुराम घाटात पावसात पंक्चर झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

आय२० एन लाइनला १६ चे काढून १७ इंची अलॉय बसवली, टायर २०५/४५ आर १७. ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. तीनदा बॅलन्सिंग केलं, फरक नाही.
— एक वाचक, चिपळूण

तीनदा बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर चौथ्यांदा करू नका. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक शंकूने बरोबर मध्यात धरलं जातं. ते तुमच्या हबवर मध्यात बसलेलंच नाही.

एक चाक उतरवा आणि मधलं मोठं भोक मोजा. आय२० च्या हबचा उंचवटा ५४.१ मिमी आहे. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून भोक मोठं ठेवतात, बहुधा ६७.१ किंवा ७३.१. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसली की चाकाला मध्यात धरण्याचं काम चार नट करतात. गाडीचं वजन चाकावर असताना नट आवळले की चाक केसभर खाली बसून तिथेच घट्ट होतं. अर्ध्या मिलिमीटरची ही चूकही ऐंशीच्या पुढे हाताला कळते.

चाकाच्या भोकाचं माप बाहेरचं आणि ५४.१ आतलं, अशी रिंग मागा. ती हाताच्या दाबाने बसायला हवी. हातोडी लागली तर माप चुकलंय, आणि खुळखुळली तर तिचा उपयोग नाही. किनाऱ्यावर रिंग प्लॅस्टिकची घ्या. अ‍ॅल्युमिनियमची रिंग पोलादी हबवर खाऱ्या हवेने अशी चिकटते की पुढच्या वेळी छिन्नी लावून काढावी लागते. प्लॅस्टिक वितळायला ट्रॅकवरच्या गाडीइतके ब्रेक तापावे लागतात.

बसवायची रीत: चारही चाकं जॅकवर, हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ, रिंग बसवून चाक हबवर पूर्ण टेकवायचं, चारही नट हाताने शेवटपर्यंत. मग समोरासमोरचे आळीपाळीने पान्याने आवळून गाडी खाली, आणि शेवटी टॉर्क रेंच. ११० ते १२० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने शेवटचं आवळू देऊ नका. १०० किलोमीटरवर पुन्हा तपासा.

तुमचे नट कुठून आले तेही विचारा. ह्युंदाईचा आटा एम १२×१.५, मारुती स्विफ्टचा एम १२×१.२५. दोन्ही गाड्यांचं पीसीडी ४×१०० आणि हब ५४.१ च, त्यामुळे चाकं अदलाबदल होतात आणि दुकानात नटही एकाच डब्यात पडलेले असतात. चुकीचा नट दोन-तीन फेरे सहज फिरतो, मग ‘जरा जड जातोय’ म्हणून गन लावली जाते, आणि आटा गेलाच. ४×९८ च्या चाकापासूनही लांब राहा, फियाटच्या काही गाड्यांना ते माप असतं. नट लागल्यासारखा वाटतो, पण तिरका टेकलेला असतो.

एक न विचारलेली गोष्ट. तुमच्या मूळ १९५/५५ आर १६ टायरचा भार निर्देशांक ८७ आहे, ५४५ किलो. साधा २०५/४५ आर १७ हा ८४ चा, ५०० किलोचा असतो. बाजूवर ‘८८ एक्सएल’ (एक्सएल म्हणजे जास्त भार घेणारा टायर) असं नसेल तर टायर बदलून घ्या. ८८ म्हणजे ५६० किलो.

घर समुद्रापासून दोनशे मीटरवर. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या चकचकीत मशीन-कट अलॉयवर पांढऱ्या गांडुळांसारख्या रेषा पसरत आहेत. पुसून जात नाहीत. चाकं वाईट निघाली का?
— एक वाचक, देवगड

चाकं वाईट नसतील, पण त्यांचं फिनिश आपल्याकडचं नव्हे. मशीन-कट चाकाच्या तोंडावर रंग नसतो. लेथवर उघडी केलेली धातू आणि तिच्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर, एवढंच. स्पोकच्या धारदार कडेवर लॅकर सर्वांत पातळ बसतो. तिथे खडीचा एक टवका उडाला की खारट दमटपणा आत शिरतो आणि लॅकरखालून धातू खात पुढे सरकतो. तुम्हाला दिसतात त्या याच वाटा. वरून घासून काही होत नाही, कारण खराबी थराच्या खाली आहे.

पुन्हा लेथवर घ्यायला सांगतील. प्रत्येक वेळी धातू कमी होते आणि दोन वर्षांनी पुन्हा हेच. त्यापेक्षा सगळा जुना थर काढून पूर्ण चाकाला पावडर कोटिंग करून घ्या, आतल्या पिंपासकट, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या गोल भागासकट. रंग फिकट चंदेरी किंवा करडा, त्यावर मीठही दिसतं आणि चिरही दिसते. कोटिंगवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली, भट्टी २०० अंशांच्या वर नेऊ नको आणि चाक आत विसरू नको, कारण अलॉयला कारखान्यात दिलेली ताकद जास्त उष्णतेने उतरते. दुसरी, बोल्टचे खड्डे आणि हबला टेकणारा भाग चिकटपट्टीने झाकून मगच पावडर मार. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दाबाखाली बसत जातो आणि नट सैल होतात. चाक कोटिंगहून आलं की या दोन जागांवर नख फिरवून बघा. नवं चाक घेणाऱ्याने सुरुवातीलाच पूर्ण रंगवलेलं घ्यावं. क्रोमचं तर किनाऱ्यावर नावच नको.

रोजच्या निगेत पाणी महत्त्वाचं. चाकं गोड्या पाण्याने धुवा, आणि पुढच्या बाजूपेक्षा स्पोकच्या मागे आणि आतल्या पिंपात जास्त पाणी मारा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुणं म्हणजे मीठ चोळणंच. तेव्हा पागोळीचं साठवलेलं पाणी किंवा नळाचं वापरा. अ‍ॅसिडवालं व्हील क्लीनर नको, साधा गाडीचा शाम्पू पुरतो. आगोटीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा चारही चाकं काढा, हब ब्रशने साफ करा आणि हबच्या गोल उंचवट्यावर ताटलीभर नव्हे, बोटाने पुसल्यासारखा अँटीसीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या वंगणाचा) थर द्या. बोल्टच्या आट्यांना आणि खड्ड्यांना तो लावू नका. वंगण लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपी असेल तर ती काढून प्लॅस्टिकची लावा, नाहीतर ती खाऱ्या हवेत गंजून एक होते आणि हवा भरताना व्हॉल्व्हच तुटतो.

आणि पुळणीवर गाडी घालू नका. ओहोटीला पक्की वाटणारी वाळू ओलीच असते. ते खारं पाणी डिस्क आणि चाकाच्या सांध्यात जाऊन बसतं, वरून धुतलं तरी तिथलं निघत नाही.

ऑक्टाव्हिया व्हीआरएसला १८ चे १९ करायचे आहेत. आठवड्यातून दोनदा आंबोली चढतो. चालेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

चालतं, पण आम्ही नको म्हणू. २२५/४० आर १८ टायरची भिंत ९० मिमी असते, २२५/३५ आर १९ ची ७९. अकरा मिलिमीटर कमी वाटतात, पण खड्ड्याची कड रिमपर्यंत पोचण्याआधी मध्ये जे रबर असतं त्यातलेच ते गेलेले असतात. घाटात धुक्यात खड्डा दिसतो तेव्हा चाक आत गेलेलंच असतं. फटका बहुधा आतल्या ओठाला बसतो, जिथे कुणी बघत नाही, आणि ट्यूबलेस टायरची हवा दोन दिवसांत निघू लागते.

त्याच पैशात उलट दिशेने जा. १७ इंची चाकांचा एक वेगळा पावसाळी संच करा, टायर २२५/४५ आर १७. भिंत १०१ मिमी, बाहेरचा व्यास ६३४ म्हणजे मूळच्या ६३७ ला जवळजवळ धरून. जून ते सप्टेंबर हे लावा, बाकी वर्ष तुमची १८ ची. माप ५×११२, हब ५७.१. मात्र १७ चं चाक ब्रेकवर बसतं की नाही हे वर सांगितलेल्या मातीच्या गोळ्यांनी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्ही चाकांचा ईटी सारखा असला तरी स्पोकचा आतला बाक वेगळा असतो, आणि कॅलिपर स्पोकलाच लागतो.

टायर रुंद करायचा मोहही पावसात आवरा. रुंद टायरला त्याच वेगात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर पाण्यावर तरंगतो. नक्षी ३ मिमीवर आली की पावसाळ्याआधीच बदला. कायद्याची १.६ ची मर्यादा कोकणातल्या जुलैसाठी फार उशिराची आहे.

मस्टँगला मूळ चाकं ठेवून २० मिमीचे स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणाऱ्या चकत्या) लावले तर बाहेर भरलेली दिसतील का?
— एक वाचक, अलिबाग

दिसतील, पण पुढच्या ९ जे ईटी ४५ चाकाचा ईटी मग २५ होतो आणि रत्नागिरीच्या वाचकांना सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू पडतं. नुसता मधे सरकवायचा स्पेसर २० मिमीचा तर अजिबात नको, मूळ स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, नटला आटेच उरत नाहीत. हवंच असेल तर हबवर स्वतंत्र नटांनी आवळला जाणारा आणि स्वतःचे स्टड असलेला घ्या. हबचा ७०.५ चा उंचवटा त्याच्या दोन्ही बाजूंना जुळला पाहिजे. मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर चाकाच्या मागे त्यांना खोबण आहे का ते बघा. नसेल तर चाक स्टडच्या टोकांवर टेकतं आणि नट घट्ट असूनही हलतं.

आरटीओ आणि विमा यांचं काय?
— एक वाचक, महाड

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. सोपा मार्ग असा: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते, त्याच्या आत राहा. टायर फेंडरच्या बाहेर दिसता कामा नये. चाकांची पावती जोडून विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. अपघातानंतर फोनवर सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

मुंबईहून वापरलेली जपानी चाकं स्वस्तात मिळताहेत. तपासायचं कसं?
— एक वाचक, मालवण

आतल्या बाजूला ‘जेडब्ल्यूएल’ (अलॉय चाकांचं जपानी प्रमाणचिन्ह) अशी ओतीव अक्षरं आणि शक्यतो किलोतला भार कोरलेला हवा. नक्षी हुबेहूब असून अक्षरं नसतील तर ती नक्कल समजा. ताज्या रंगाच्या चाकावर जास्त संशय घ्या. बॅलन्सिंग मशिनवर टायरशिवाय फिरवून ओठाजवळ पेन्सिल धरा. फट एक मिलिमीटरहून जास्त आत-बाहेर होत असेल तर चाक वाकलेलं आहे.

तडा शोधायची जुनी रीत अजून चांगली आहे. टायर उतरवून चाक धुऊन कोरडं करा, आतल्या पिंपाला ब्रशने रॉकेल लावा आणि अर्धा तास ठेवा. मग ते पुसून बाहेरच्या बाजूने खडूची भुकटी पाण्यात कालवून पातळ थर द्या आणि वाळू द्या. तडा आरपार असेल तर पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. स्पोकच्या मुळाशी आणि बोल्टच्या खड्ड्यांभोवती नीट बघा. रेघ दिसली तर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ते चाक भंगारात घाला. आणि चारही चाकांच्या मागचे आकडे एकेक करून वाचा, कारण अशा संचात तीन ईटी ३८ ची आणि एक ईटी ४५ चं असं अनेकदा निघतं.